घटस्फोटाची तारीख ऑगस्टमध्ये, आणि नवऱ्याच्या बोटीच्या कर्जाची नोटीस माझ्या नावावर

सुरंगी · १२ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मी गुहागर तालुक्यात माहेरी राहते, एका शाळेत लिपिक आहे. नवरा हर्णैचा, घरचा धंदा मासेमारीचा. २०२१ च्या गणपतीनंतर मुलीला घेऊन इकडे आले ती आलेच. भांडणतंटा नको म्हणून या फेब्रुवारीत आम्ही परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. दुसरी तारीख ऑगस्टमध्ये. पोटगी मी मागितली नाही, मुलीच्या शिक्षणाचं तेवढं ठरलंय. आता यातून मोकळी होणार असं धरून चालले होते.

परवा शाळेत दाखले लिहीत बसले होते आणि पोस्टमनने रजिस्टरचं पाकीट टेबलावर ठेवलं. सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांची नोटीस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१. अर्जदार एक पतसंस्था. जाब देणार क्रमांक १ नवरा, क्रमांक २ मी, क्रमांक ३ नवऱ्याचा चुलतभाऊ. येणे रक्कम रुपये १४,३७,२६०. २७ जूनला हजर राहून म्हणणं मांडा, नाहीतर एकतर्फी निर्णय. पुढचा दाखला मी दोनदा चुकवला.

मार्च २०१९ मध्ये नवऱ्याने बोटीसाठी १२ लाख कर्ज काढलं होतं. पतसंस्थेला पगारदार जामीन हवा होता. मी अर्धी रजा टाकून गेले. काउंटरवर कागदांचा गठ्ठा आधीच उघडून ठेवलेला, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या. मी फुली बघून सही करत गेले. किती केल्या तेही आठवत नाही. अंगठ्याची निळी शाई पदराला लागली, तो डाग त्या साडीवर अजून आहे. वाचलं एक अक्षरही नाही. बायकोची सही लागते, एवढंच मला कळलं होतं.

पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. बोट आंजर्ल्याच्या खाडीत बांधलेली होती, तिथेच दुसऱ्या बोटीवर आपटून फुटली. दुरुस्ती झाली, पण हप्ते तिथून थकायला लागले. मी घर सोडलं तेव्हा ते म्हणाले होते, कर्जाचं माझं मी बघतो. मी विश्वास ठेवला. मध्यंतरी सिबिलचा अहवाल काढला होता, त्यात काहीच दिसलं नाही, म्हणून निर्धास्त होते.

आता प्रश्न. घटस्फोट झाला की जामीनकी संपते का? पगार जप्त होईल का? आणि सगळ्यात मोठी भीती ही की वडील गेल्यावर सातबारावर दोन भावांबरोबर माझं नाव लागलंय. चाळीस कलमं आहेत हापूसची. त्यावर बोजा चढेल का? मोठा भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. काल म्हणाला तो एवढंच, की हक्कसोड पत्र करून दे आणि मोकळी हो.

पागोळी · १२ जून, रात्री ११.०५

ताई, वाचून पोटात खड्डा पडला. घाईने कुठेही सही करू नका, भावाने सांगितलं तरीही. जाणकार लिहितीलच.

जांभाचिरा · १३ जून, सकाळी ७.२०

कर्ज त्याचं, बोट त्याची, वापरली त्याने. घटस्फोटाच्या हुकुमात लिहून घ्या की कर्ज नवऱ्याचं. कोर्टाने लिहिलं की पतसंस्था काय करणार?

वसुलीत_३१_वर्षं · १३ जून, सकाळी ९.१५

जांभाचिरा, आपुलकीने लिहिलंत, पण हे चुकीचं आहे आणि याच समजुतीवर मी कितीतरी संसार बुडताना पाहिले. एका सहकारी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरंगीताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडे लग्न केलं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोवर येत नाही, बायकोचं नवऱ्यावर येत नाही. तुमच्यावर आलंय ते सहीमुळे. आणि लग्न मोडल्याने सही मोडत नाही. घटस्फोटाचा अर्ज तुम्हा दोघांमधला आहे, पतसंस्था त्यात पक्षकार नाही. कोर्टाने हुकूमनाम्यात काहीही लिहिलं तरी ते तुम्हा दोघांना बांधील राहील, पतसंस्थेला नाही.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. लोकांना वाटतं की आधी कर्जदाराची मालमत्ता विकतील, उरलं तरच जामीनदाराकडे येतील. तसं बंधन नाही. १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. खरं सांगायचं तर वसुलीवाला आधी पगारदाराकडेच जातो. समुद्रावरच्या माणसाला शोधत बसण्यापेक्षा शाळेच्या पत्त्यावर पाकीट पाठवणं सोपं. मीही तेच केलंय नोकरीत.

सिबिलवर भरवसा ठेवलात ते चुकलं. गावातल्या पतसंस्थेचं कर्ज तिथे दिसेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही पतसंस्थेची तक्रार चालत नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते.

पगाराचं म्हणाल तर पुरता पगार कोणी नेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित ठेवलेत. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. पण त्या सह्यांमध्ये पगारातून परस्पर कपात करायचं संमतीपत्र होतं का, ते बघा. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली तशा संमतीवर शाळेकडून थेट कपात मागता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २७ तारखेला काहीही झालं तरी हजर राहा. १०१ चा वसुली दाखला एकदा निघाला की तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी, आहे, मुदत दोन महिने, पण येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरल्याशिवाय अर्ज दाखलच करून घेत नाहीत. म्हणजे तुमच्या बाबतीत सात लाखांवर. म्हणून जे सांगायचं ते दाखला निघायच्या आधी सांगायचं. आमच्याकडे दहातले आठ जामीनदार सुनावणीला येतच नसत आणि नंतर सात-बाराचा उतारा हातात घेऊन रडत येत.

जमिनीबद्दल दुपारी लिहितो. तोवर एक सांगा, बोट कुठे आहे?

सुरंगी · १३ जून, दुपारी १.५०

काका, खूप आभार. बोट कुठे म्हणजे? त्यांच्याकडेच असणार. मी २०२१ नंतर बंदरावर गेलेली नाही.

वसुलीत_३१_वर्षं · १३ जून, दुपारी ३.३०

असणार यावर चालायचं नाही ताई, शोधून काढा. का ते कागद हातात आल्यावर सांगतो. पतसंस्थेत लेखी अर्ज द्या, कर्जाचा पूर्ण खातेउतारा, जामीनपत्राची नक्कल, तारणाचे कागद आणि कर्जाचं पुनर्गठन (म्हणजे मुदत, अटी बदलून नवी मांडणी) झालं असेल तर तो ठराव मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी विचारू नका.

जमीन. वाटप झालेलं नसलं तरी तुमच्या हिश्श्यापुरती जप्ती लागू शकते, भावांच्या हिश्श्याला नाही. चुकून पूर्ण गटावर नोंद घातली तर भावांनी वसुली अधिकाऱ्याकडे हरकत घ्यायची, सहकारी संस्था नियम १९६१ च्या नियम १०७ मध्ये त्याची चौकशी करण्याची तरतूद आहे. भाऊ घाबरलाय ते समजू शकतो. पण हक्कसोड आत्ता करू नका. नोटीस हातात पडल्यावर फुकटात हिस्सा सोडलात तर येणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलं असा ठपका येतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५३ खाली तो व्यवहार रद्द ठरवून मागता येतो. म्हणजे भावाच्या मागे कोर्ट लागेल आणि तुमची वडिलांची कलमंही जातील. दोघांचंही नुकसान. हे त्याला वाचून दाखवा.

रापण · १३ जून, रात्री ९.००

मी हर्णैचाच, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ, मग लॉकडाऊन, मग निसर्ग, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ. डिझेल भरून गेलेली बोट बर्फाच्या पैशाइतकी मासळीही आणत नव्हती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, त्या दोन महिन्यांत व्याज काही थांबत नाही. आमच्या बंदरात नीयत खराब म्हणून कमी आणि समुद्राने मारलं म्हणून जास्त थकलेत. त्या बोटीवर तुमचं घरही दोन वर्षं चाललं असेल. सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. दोघांनी मिळून पतसंस्थेत बसावं, एकरकमी परतफेडीची योजना मागावी.

सुरंगी · १३ जून, रात्री ९.४०

रापणदादा, तुमचं बोलणं लागलं नाही. खरंच आहे, ते वाईट माणूस नाहीत. मीही त्या बोटीची पूजा केलीय, नारळ मीच वाढवला होता. मी बुडवा म्हणत नाही. पण मुलगी अकरावीत जाईल, माझा पगार किती ते मला माहीत, आणि चौदा लाखांची जबाबदारी मला पोस्टमनने सांगावी एवढंच मला सहन होत नाहीये. चार वर्षांत एक फोन करून सांगितलं असतं तर मी दर महिन्याला थोडे तरी भरले असते.

तांबडी_माती · १४ जून, सकाळी ८.३०

फक्त बायकांवरच येतं असं नाही, म्हणून माझं लिहितो. मालवणजवळ बायकोने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायला बँकेचं कर्ज घेतलं, मी सहकर्जदार. २०१८ मध्ये घटस्फोट. हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिलेलं की कर्ज तिने फेडायचं. मी निवांत. २०२० मध्ये पर्यटक बंद, हप्ते बंद, आणि सरफेसी कायद्याची (बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते तो) ६० दिवसांची नोटीस दोघांच्या नावाने. बँकेच्या शाखेत हुकूमनाम्याची साक्षांकित नक्कल घेऊन गेलो. मॅनेजर चांगला होता, शांतपणे पूर्ण वाचली, आणि म्हणाला, यावर आमची सही कुठे आहे?

शेवटी तिचा भाऊ नवीन सहकर्जदार म्हणून उभा राहिला, बँकेने त्याचं उत्पन्न तपासून मंजुरी दिली आणि मला मुक्त केल्याचं पत्र दिलं. तीन वर्षं गेली त्यात. ते पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय. ताई, तुमचा हुकूमनामा अजून व्हायचाय, हे तुमचं नशीब समजा. जे करायचं ते ऑगस्टच्या आत.

खळ्यातली · १४ जून, सकाळी ११.१०

सुरंगी, वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मी स्वतः घेतला होता. माझं प्रकरण सोन्याचं. लग्नातल्या पाटल्या आणि मोहनमाळ नवऱ्याने गहाण टाकून कर्ज घेतलं होतं, वेगळे झाल्यावर तो म्हणाला सोडवायचं तर तूच फेड. स्त्रीधन बाईचं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. मला हे वकीलबाईंनी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. तुमचे दागिने कुठे आहेत तेही एकदा बघून घ्या.

माडाची_सावली · १५ जून, रात्री १०.००

मी वकिली करते, पण सल्ला म्हणून नव्हे, मैत्रीण म्हणून विचारते. तुमच्या घटस्फोटाच्या अर्जात देण्याघेण्याबद्दल नेमकं काय लिहिलंय? शब्द न शब्द इथे टाका.

सुरंगी · १५ जून, रात्री १०.३५

कपाटातून काढलं. परिच्छेद ९. "उभय अर्जदारांचे एकमेकांकडे आता कोणत्याही प्रकारचे येणे राहिलेले नाही व भविष्यात कोणताही अर्जदार दुसऱ्याविरुद्ध कोणतीही आर्थिक मागणी करणार नाही."

माडाची_सावली · १५ जून, रात्री १०.५०

मला हीच भीती होती. बहुतेक संमतीच्या अर्जांत हे वाक्य छापल्यासारखं असतं आणि लोक भांडण मिटलं या आनंदात सही करतात.

काय होतं ते नीट समजून घ्या. जामीनदार म्हणून तुम्ही पतसंस्थेला जेवढं भराल तेवढं नवऱ्याकडून परत मिळवायचा हक्क तुम्हाला करार कायद्याच्या कलम १४५ ने दिलाय. तुमच्या केसमध्ये तोच तुमचा मुख्य आधार आहे. आणि परिच्छेद ९ मध्ये तुम्ही लिहून दिलंय की भविष्यात मी काहीही मागणार नाही. उद्या तुम्ही सात लाख भरलेत आणि मागायला गेलात तर समोरचा वकील सगळ्यात आधी हा परिच्छेद वाचेल.

दुसरा जामीनदार चुलतभाऊ आहे. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी आपापसांत समान भार उचलायचा. तुम्ही जास्त भरलं तर त्याच्याकडून त्याचा वाटा मागता येतो. तो हक्क परिच्छेद ९ मुळे जात नाही, कारण चुलतभाऊ त्या अर्जात पक्षकार नाहीच.

हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे सांगितलंय. मागे घ्या असं मी म्हणत नाही. नवऱ्याला सरळ सांगा की परिच्छेद ९ बदलून दुरुस्त अटी दाखल केल्या तरच दुसऱ्या तारखेला सही. अट अशी हवी: या कर्जाची पूर्ण जबाबदारी त्याची, तुम्हाला काही भरावं लागलं तर ते ठरलेल्या मुदतीत त्याने परत द्यायचं, न दिल्यास त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करता येईल. असं असलं की वेगळा दावा लावून वर्षानुवर्षं बसावं लागत नाही. शक्य असेल तर त्याच्या नावावर जे काही आहे त्याचं तारणही लिहून घ्या.

आणि कोरे चेक दिले होते का तुम्ही? कुणाच्या खात्याचे? चेक न वटल्याचा गुन्हा सही करणाऱ्यावरच लागतो. संयुक्त देण्यातही ज्याने चेकवर सही केली नाही त्याला परक्राम्य संलेख (चेकच्या) कायद्याच्या कलम १३८ खाली ओढता येत नाही, २०२१ मध्ये नवराबायकोच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय. तुमची सही नसेल तर ती एक काळजी गेली.

सुरंगी · १५ जून, रात्री ११.२०

चेक त्यांचेच होते. परिच्छेद ९ मी तीनदा वाचला आत्ता. फेब्रुवारीत वाचला तेव्हा मला तो चांगला वाटला होता. सन्मानाने वेगळं होतोय असं वाटलं होतं.

सुरंगी · २१ जून, रात्री ८.१५

आज धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून पतसंस्थेत गेले. पाऊस एवढा की फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली होती. साहेब आधी म्हणाले नोटिशीत आहे तेवढं पुरे. पोच मागितल्यावर आत बोलावलं. दोन तास बसून कागद घेऊनच निघाले. येताना बोटीत खातेउतारा उघडला आणि उतरायचं विसरले, खलाशाने हाक मारली.

ऑक्टोबर २०२१, कर्जाचं पुनर्गठन. मुदत तीन वर्षांनी वाढवली, थकलेलं व्याज मुद्दलात धरलं. त्या ठरावावर नवऱ्याची आणि चुलतभावाची सही आहे. माझ्या नावापुढची जागा कोरी.

आणि काका, तुमचा प्रश्न. बोट नोव्हेंबर २०२२ मध्ये विकली. साडेसात लाखांना. पतसंस्थेने विकायला ना-हरकत दाखला दिलाय, त्याची नक्कल फाईलमध्येच होती. त्या महिन्यात कर्जखात्यात जमा आहेत फक्त दोन लाख.

मी नवऱ्याला फोन केला. आधी गप्प बसले. मग म्हणाले, साडेपाच लाख दुसऱ्याच्या बोटीत भागीदारीला घातले, ती चालली की सगळं फेडणार होतो.

वसुलीत_३१_वर्षं · २१ जून, रात्री ९.३०

आता सांगतो बोट का विचारली. करार कायदा, कलम १४१. कर्जाला जे तारण असतं त्याचा फायदा जामीनदारालाही असतो. जामीनदार कर्ज फेडतो तेव्हा ते तारण त्याच्या हाती यायला हवं. संस्थेने जामीनदाराच्या संमतीशिवाय तारण सोडलं किंवा हातचं घालवलं, तर त्या तारणाच्या किमतीएवढी जामीनदाराची जबाबदारी कमी होते. साडेसात लाखांचं तारण, वसूल केले दोन लाख, उरलेले साडेपाच लाख संस्थेने स्वतःच्या सहीने जाऊ दिले. तुम्हाला न विचारता. हा मुद्दा लेखी म्हणण्यात पहिल्या पानावर हवा.

पुनर्गठन हे कलम १३३. तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांसाठी जामीनदार सुटतो. पण थांबा, आनंद करण्याआधी जामीनपत्र काढा आणि अगदी बारीक अक्षरातलं वाचा. मुदत वाढवली, अटी बदलल्या, तारण सोडलं तरी माझी हरकत नाही, अशी कलमं छापील जामीनपत्रात असतात आणि ती सही करणाऱ्याला बांधतात. आमच्या छापील नमुन्यात होती. कर्जदार माझ्यासमोर बसलेला असायचा, बाजूला त्याची बायको, आणि मी ती कलमं एकदाही कुणाला वाचून दाखवली नाहीत. एकतीस वर्षांत एकदाही नाही. तुमच्या त्या पेन्सिलीच्या फुल्या वाचल्यापासून झोप लागलेली नाही मला नीट.

सुरंगी · २१ जून, रात्री ११.४०

काका, असं म्हणू नका. तुम्ही इथे लिहिलं नसतं तर मी हक्कसोड करून बसले असते.

जामीनपत्र मुलीने मोबाइलच्या उजेडात वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं. कलम ७: संस्थेने कर्जदारास मुदत वाढवून दिली किंवा परतफेडीच्या अटीत बदल केला तरी जामीनदाराची जबाबदारी कायम राहील. म्हणजे पुनर्गठनाचा मुद्दा गेला असंच ना? तारण सोडण्याबद्दल मात्र कुठेच काही नाही. दोघींनी दोनदा शोधलं. पगारकपातीचं संमतीपत्रही फाईलमध्ये नाही.

माडाची_सावली · २२ जून, सकाळी ७.४५

१३३ कमकुवत झाला, तरी म्हणण्यात मांडा, सोडू नका. १४१ भक्कम आहे. ना-हरकत दाखल्याची नक्कल, खातेउतारा आणि जामीनपत्र ही तीन कागदपत्रं यादीसह जोडा. रोजनाम्यात (सुनावणीच्या नोंदीत) ती दाखल झाल्याची नोंद होतेय ना, ते उभं राहून बघा. आणि दंडव्याजाचा हिशोब कोणत्या दराने केलाय तो संस्थेकडे लेखी मागा.

रापण · २२ जून, दुपारी १२.१०

ताई, मी आधी लिहिलं त्यात बोट विकल्याचं मला माहीत नव्हतं. तारण विकून पैसे फिरवले असतील तर ते समुद्राच्या माथी मारता येत नाही. भागीदारीतली बोट कुणाची, कुठल्या बंदराला लागते, नवऱ्याचा हिस्सा कागदावर आहे की तोंडी, हे काढा. तोंडी असेल तर नारळी पौर्णिमेआधी कागदावर आणून घ्या. हंगाम सुरू झाला की कुणी थांबत नाही.

सुरंगी · २७ जून, रात्री ९.००

हजर राहिले. विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाई बरोबर होत्या. नवरा आला नाही, चुलतभाऊ आला आणि माझ्याकडे न बघता बाकावर बसून होता. आमचं म्हणणं, यादी आणि तीन नक्कल दाखल झाल्या. संस्थेच्या वकिलांनी ना-हरकत दाखला बघितला आणि सूचना घेण्यासाठी मुदत मागितली. पुढची तारीख १८ जुलै. बाहेर आल्यावर चुलतभाऊ म्हणाला, वहिनी, ते कलम मलाही लागू होतं का? मी हो म्हटलं आणि वकीलबाईंचा नंबर दिला.

खळ्यातली · २७ जून, रात्री ९.२५

शाब्बास ग. भाऊ बोलतो का आता?

सुरंगी · २७ जून, रात्री ९.३२

नाही अजून. काकांचं हक्कसोडीबद्दलचं लिखाण छापून त्याच्या उशाला ठेवलंय.

सुरंगी · २३ ऑगस्ट, रात्री १०.१०

उशीर झाला, माफ करा. सगळं एकदम सांगते.

१८ जुलैला संस्थेने कबूल केलं की ना-हरकत देताना जामीनदारांना कळवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की त्याची गरज नव्हती. दोन्हीकडचा युक्तिवाद झाला, निर्णय राखून ठेवलाय. दंडव्याजाचा तक्ता त्यांना द्यावा लागला, त्यात एका वर्षाचं दोनदा धरलेलं निघालं, ४१,३०० रुपये. ते त्यांनी तिथेच कमी केले.

घटस्फोट गेल्या आठवड्यात झाला. परिच्छेद ९ बदलला. नवरा आधी तयार नव्हते. तुझा माझ्यावर विश्वास नाही का, असं दोनदा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, विश्वास होता म्हणूनच फुल्या बघून सह्या केल्या. त्यानंतर वाद घातला नाही. नव्या अटीत कर्ज पूर्ण त्यांचं, मला भरावं लागेल ते ९० दिवसांत परत, नाहीतर त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त. रापणदादांनी सांगितल्याप्रमाणे भागीदारीचा करार स्टँप पेपरवर झाला, त्यांचा चार आणे हिस्सा आहे, त्याचा उल्लेख अटींत घेतला. मी त्यांना दर महिन्याला पतसंस्थेत भरलेल्या पावतीचा फोटो पाठवायला सांगितलंय. ऑगस्टचा आला, पंधरा हजार.

परतताना दाभोळच्या धक्क्यावर मोठा भाऊ उभा होता. मी कळवलं नव्हतं, मुलीने सांगितलं असणार. फेरीत बसल्यावर मधेच म्हणाला, कलमांना आळी करायची आहेत, रविवारी ये, तुझ्या वाट्याच्या चौदा झाडांची तूच दाखव कुठली ती.

निबंधकांचा निर्णय आला की इथेच लिहीन.